बालमधुमेह आणि परिचारिका : एका बालरोगतज्ज्ञाचे ऋणस्मरण

१४ नोव्हेंबर हा दिवस आपल्या देशात बालदिन म्हणून साजरा होतो. हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो, कारण इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस (१८९१). मधुमेह झालेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला हा योगायोग दरवर्षी अंतर्मुख करतो. २०२० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षीच्या जागतिक मधुमेह दिनाचा विषय 'परिचारिका आणि मधुमेह' असा ठेवण्यात आला होता. कोविडच्या धामधुमीत तो विषय आपल्यापैकी अनेकांच्या नजरेआड झाला. या स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची सूचना आली तेव्हा तोच विषय मनात आला. त्यामागे एक जुने ऋणही आहे आणि एक जुनी टोचणीही.

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत डॉक्टरांविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मधुमेहासारख्या आजन्म साथ करणाऱ्या विकारात रुग्णाला खऱ्या अर्थाने उभे कोण करते, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो, तेव्हा डोळ्यांसमोर प्रथम पांढऱ्या गणवेशातली एक सिस्टर येते. असे का, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विकाराची तोंडओळख

वैद्यकीय क्षेत्राबाहेरील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. प्रौढांमध्ये आढळणारा मधुमेह बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा असतो. त्यात इन्सुलिन तयार होते, पण शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. लहान मुलांमध्ये प्रामुख्याने आढळतो तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. हा विकार गोड खाण्याने होत नाही. आईवडिलांच्या हातून घडलेल्या कोणत्याही चुकीमुळेही होत नाही. अशा मुलाला इन्सुलिन बाहेरूनच द्यावे लागते, रोज, दिवसातून अनेकदा आणि आयुष्यभर. त्याला पर्यायी गोळी नाही, काढा नाही, चूर्ण नाही.

लक्षणे ओळखायला सोपी आहेत. मूल वारंवार लघवीला जाते, सतत पाणी पिते, भरपूर खाऊनही वाळत जाते आणि थकून राहते. अंथरूण ओले करणे थांबलेले मूल पुन्हा ते करू लागते. लघवी केल्याजागी मुंग्या लागतात हे अनेकदा आईच्याच लक्षात येते आणि ती निरीक्षक दृष्टी मानलीच पाहिजे. दुर्लक्ष झाले तर रक्तात आम्लद्रव्ये साठतात. त्या अवस्थेला आपण किटोॲसिडोसिस म्हणतो. मूल उलट्या करते, पोट दुखते म्हणते, खोल आणि वेगाने श्वास घेऊ लागते. न्यूमोनिया किंवा अपेंडिक्स समजून अशा मुलांवर भलतेच उपचार झाल्याची उदाहरणे प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला ठाऊक असतील. म्हणून माझ्या तरुण व्यवसायबंधूंना मी सांगत असतो, की धाप लागलेल्या, गळून गेलेल्या प्रत्येक मुलाची रक्तशर्करा एकदा पाहा. एका थेंबाचे काम आहे.

एक अपयश

आता त्या टोचणीविषयी. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एम. डी. होऊन मला थोडीच वर्षे झाली होती. इंदूरच्या परिसरातील एका खेड्यातून सात वर्षांची एक मुलगी किटोॲसिडोसिसच्या अवस्थेत दाखल झाली. दोन दिवसांत ती सावरली. सहाव्या दिवशी, बाह्यरुग्ण विभागाची वेळ झालेली असताना, मी तिच्या आईवडिलांना दहा-बारा मिनिटे सर्व काही समजावून सांगितले. सकाळी व रात्री जेवणाआधी इन्सुलिन द्यायचे, ही मात्रा, ही सुई, इतक्या दिवसांनी दाखवायला यायचे. "समझ गए?" असे विचारले. दोघांनी मान हलवली. मी कागदावर सही केली.

तीन आठवड्यांनी ती मुलगी परत आली. तिला ताप आला होता, उलट्या होत होत्या, दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नव्हते. आणि त्या दोन दिवसांत आईने इन्सुलिनही दिले नव्हते. ती आली तेव्हाच गुंगीत होती. पुढे मेंदूला सूज आली. आम्ही जे शक्य ते सर्व केले, पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

आई मला दोष देत नव्हती. तिला फक्त समजून घ्यायचे होते. ती म्हणाली, "आपने ही तो कहा था, खाने के पहले सुई देना. उसने खाना खाया ही नहीं." तिच्या तर्कात काहीही चूक नव्हती. मी जे सांगितले होते ते तिने तंतोतंत पाळले होते. आजारपणात, मूल जेवत नसले तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते, हे मी सांगितलेच नव्हते. सांगितले असलेच, तर ते तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते. दोन्हींचा अर्थ एकच.

त्या सकाळी वॉर्डातील वयाने ज्येष्ठ सिस्टर माझ्याजवळ आल्या. मूळच्या केरळच्या, पण इंदुरात निम्मे आयुष्य काढलेल्या. त्यांनी सांगितले, की सुट्टी होण्याच्या आदल्या रात्री त्यांनी त्या आईशी गप्पा मारल्या होत्या आणि तिला फारसे काही उमगलेले नाही हे त्यांच्या ध्यानात आले होते. मी विचारले, मग तुम्ही मला का नाही सांगितलेत? त्या म्हणाल्या, "डॉक्टर साहब ने समझाया है, फिर मैं कैसे बोलूँ?"

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. जे ज्ञान त्या मुलीला वाचवू शकले असते, ते त्या रात्री त्या वॉर्डात उपलब्ध होते. एका व्यक्तीजवळ होते. परंतु ते बोलून दाखवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्या व्यक्तीला वाटत नव्हते, आणि तसे वाटू नये अशी व्यवस्था आम्हीच, म्हणजे आम्ही डॉक्टरांनी, निर्माण केलेली होती.

इतिहास काय सांगतो

इन्सुलिनचा इतिहास सांगताना आपण टोरोंटोच्या प्रयोगशाळेपाशी थांबतो. १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी, मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, हे द्रव्य वेगळे केले. कॉलिप यांनी ते शुद्ध केले. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांना उपासमारीसारख्या आहारावर ठेवून थोडे दिवस तगवणे एवढेच वैद्यकाच्या हाती होते. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला. १९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. इन्सुलिन हाती आले, पण ते रोज घरी कोण देणार? मात्रा कोण मोजणार? आहाराशी मेळ कोण घालणार? बोस्टनचे विख्यात मधुमेहतज्ज्ञ डॉ. इलियट जोस्लिन यांनी इन्सुलिनच्याही आधी, १९१८ साली, डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी मिळून एक पुस्तिका लिहिली होती. त्यांची धारणा अशी होती, की मधुमेहात शिक्षण हे उपचाराला जोडलेले शेपूट नसून तोच उपचार आहे. त्यांनी परिचारिकांना या विकाराचे खास शिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठवण्याची पद्धत अवलंबिली. या परिचारिका घरी जात, स्वयंपाकघर पाहत, आईला सुई धरायला शिकवत. पुढे इंग्लंडमधील लेस्टर येथे डॉ. जोन वॉकर यांनी १९५०च्या सुमारास घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांना मधुमेही रुग्णांच्या कामासाठी जोडून घेतले. आज पाश्चात्त्य देशांत मधुमेह-विशेषज्ञ परिचारिका ही स्वतंत्र, मान्यताप्राप्त शाखा आहे.

याच्या उपयुक्ततेविषयी शंका असणाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, डीसीसीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिका व कॅनडातील अभ्यासाकडे पाहावे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे १४४१ रुग्ण त्यात सरासरी साडेसहा वर्षे सहभागी होते. काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या गटात, सुरुवातीला नेत्रपटल निरोगी असलेल्यांपुरता डोळ्यांचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. आपण हा आकडा परिषदांमध्ये नेहमी उद्धृत करतो. पण हे नियंत्रण केवळ औषधाने साधलेले नव्हते. त्या गटातील रुग्ण दरमहा भेटीला येत आणि मधल्या काळात दूरध्वनीवरून त्यांच्याशी वरचेवर संपर्क ठेवला जाई. या पथकांमध्ये परिचारिका व आहारतज्ज्ञ यांचा मोठा वाटा होता. त्याच गटात रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. नियंत्रण जितके काटेकोर, तितकी शिकवणाऱ्या माणसाची गरज अधिक.

सिस्टरांचा वर्ग

त्या घटनेनंतर मी आमच्या विभागापुरता एक नियम केला. मधुमेहाचे मूल घरी जाईल ते सिस्टरांनी 'घरच्यांना येते' असे लिहून दिल्यावरच. माझी सही त्यानंतर. सुरुवातीला सिस्टर संकोचल्या. नंतर त्यांनी हे काम असे काही हाती घेतले, की शिकवण्याच्या बाबतीत मी त्यांचा विद्यार्थी झालो. त्यांची पद्धत थोडक्यात नमूद करतो. ती कोणत्याही लहान रुग्णालयात अमलात आणता येण्यासारखी आहे.

पहिला दिवस शिकवण्याचा नसे. मूल सलाइनवर असताना आईच्या डोक्यात काही शिरत नाही हे त्या जाणून होत्या. त्या रात्री त्यांचे काम दुसरेच असे. दर तासाला नाडी, श्वास, रक्तशर्करा, लघवीचे माप, आणि मुलाला हाक मारून त्याची शुद्ध पाहणे. मेंदूला सूज येऊ लागते तेव्हा मूल डोके दुखते म्हणते, चिडचिडे होते, गुंगते, नाडी मंदावते. हे बदल डॉक्टरांच्या फेरीची वाट पाहत नाहीत. ते सर्वप्रथम दिसतात ते रात्री तीन वाजता उशाशी उभ्या असलेल्या परिचारिकेला. आमच्याकडची काही मुले केवळ त्यांच्या वेळेवर केलेल्या फोनमुळे वाचली, हे मी जबाबदारीने लिहितो.

मूल सावरले, की पहिला धडा अपराधभावनेचा. "मी हिला लाडाने गोड फार दिले," असे बहुतेक प्रत्येक आई रडत रडत सांगते. सिस्टर तिला जवळ बसवून सांगत, की यात तुमचे काहीही चुकलेले नाही. हे डॉक्टरही सांगतात. पण फेरीच्या गर्दीत सांगितलेले आणि रात्री खाटेजवळ बसून सांगितलेले, यांत फरक असतो.

दुसरा धडा सुईचा. सिस्टर प्रथम संत्र्यावर टोचायला लावत. मग औषधाविना रिकामी सुई आईसमोर स्वतःच्या पोटाला टोचून दाखवत. भीती तिथेच निम्मी उतरे. पाण्यासारखे स्वच्छ इन्सुलिन आधी ओढायचे, दुधाळ नंतर. दुधाळ बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांमध्ये हळुवार फिरवायची. रोज जागा बदलायची, कारण एकाच जागी टोचत राहिल्यास तिथे गाठ येते आणि औषध नीट शोषले जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाटली आणि सिरिंज यांची जोडी. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या मिळतात आणि पेनची काडतुसे १०० युनिटची असतात. १०० युनिटचे औषध ४० च्या सिरिंजमध्ये भरले तर मात्रा अडीचपट होते. ही चूक सुशिक्षित घरांतही घडते. सिस्टर दोन सिरिंज हातात देऊन आईलाच फरक शोधायला लावत.

तिसरा धडा साठवणुकीचा. न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी काय करायचे? माळव्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सिस्टर सांगत, की एका मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे, लहान मडक्यात कोरड्या डबीत बाटली ठेवावी आणि वाळू रोज भिजवावी. हा उपाय माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हता.

चौथा धडा शर्करा उतरण्याचा. मुलाला घाम सुटला, हातपाय थरथरले, ते अचानक चिडले किंवा गप्प झाले, तर रक्तशर्करा पाहावी. ती ७० च्या खाली असेल, किंवा तपासण्याची सोय नसेल, तरी लगेच साखरपाणी द्यावे. मोठ्या मुलाला साधारण तीन चमचे साखर, लहानग्याला त्याच्या वजनानुसार कमी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये. त्याला कुशीवर वळवावे, ग्लुकागॉन असल्यास द्यावे आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. प्रत्येक मुलाच्या खिशात आणि दप्तरात साखरेची पुडी असलीच पाहिजे, असा सिस्टरांचा दंडक होता.

पाचवा धडा आजारपणाचा. तो का, हे आता वाचकांना सांगायला नको. मूल जेवत नसले तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही. आजारात शर्करा अनेकदा वाढतेच. दर तीन-चार तासांनी ती तपासायची, लघवीतील कीटोन पाहायचे, पाणी पाजत राहायचे. मात्रा कमी-जास्त करण्यासाठी फोन करायचा. उलट्या थांबत नसतील तर घरी थांबायचे नाही.

आणि शेवटी परीक्षा. "समझ गए?" हा प्रश्न सिस्टरांनी हद्दपार केला. त्या म्हणत, "करके दिखाओ." आई आणि घरातील आणखी एक व्यक्ती, दोघांनी करून दाखवायचे. दुसरी व्यक्ती वडीलच असावी असा त्यांचा आग्रह असे, पण प्रत्यक्षात अनेकदा आजीच अधिक पक्की निघे. अखेरचा प्रश्न ठरलेला होता : "बच्चा कुछ नहीं खा रहा, उल्टी कर रहा है, आज सुई का क्या करोगे?" याचे उत्तर बरोबर आल्याखेरीज त्या कागदावर लिहीत नसत.

घरी गेल्यानंतर

खरी कसोटी घरी सुरू होते. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी अनेक मुलांची गरज तात्पुरती कमी होते. घरच्यांना वाटते, आजार बरा झाला. शेजारीपाजारी सांगतात, सुईची सवय लागेल, कारल्याचा रस द्या, अमक्या ठिकाणचे औषध आणा. याच टप्प्यावर इन्सुलिन बंद केलेली मुले पुन्हा अत्यवस्थ होऊन येतात. सिस्टर ही गोष्ट आधीच सांगून ठेवत आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला स्वतः फोन करत. ज्या शंका डॉक्टरांना विचारायला लोक लाजतात, त्या सिस्टरांना विचारल्या जातात. चतुर्थीचा उपास चालेल का? दिवाळीच्या फराळाचे काय? रविवारी सकाळी घरात पोहे-जिलबी आली, तर हिला काय द्यायचे? सिस्टरांचे उत्तर असे, की एकट्या मुलाला वेगळे काढू नका. थोडे द्या, मोजून द्या, आणि सुईचा हिशोब त्याप्रमाणे डॉक्टरांना विचारून बसवा. ज्या घरात मूल चोरून खाते, त्या घरात आकडे कधीच जमत नाहीत.

मुलीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न हलक्या आवाजात येतो. "लग्नाचे कसे होणार?" आपल्या समाजातील सुशिक्षित कुटुंबेही या भीतीपोटी आजार लपवतात. शाळेला सांगत नाहीत, नातेवाइकांना सांगत नाहीत. मग वर्गात शर्करा उतरली, तर ते मूल कोणाच्या भरवशावर? याउलट, उघडपणे सांगितले तर सोयी मिळतात. सीबीएसईने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाद्यपदार्थ जवळ ठेवण्याची मुभा दिली. पण ती घेण्यासाठी आजार आहे हे कागदावर लिहून द्यावे लागते.

कुमारवयाचा प्रश्न वेगळाच. चौदा वर्षांचा एक मुलगा दर भेटीला सुरेख वही आणत असे. एकाच पेनाने, सुवाच्य अक्षरात, सर्व आकडे ११० ते १४० च्या दरम्यान. परंतु तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी भलतेच सांगत होती. मी रागावण्याच्या बेतात होतो. सिस्टरांनी वही हातात घेतली, पाने उलटली आणि शांतपणे म्हणाल्या, की इतक्या महिन्यांच्या वहीवर रक्ताचा एकही डाग नाही. त्यांनी मला बाहेर जायला सांगितले. अर्ध्या तासाने कळले ते असे : आकडा जास्त आला की वडील रागावत, म्हणून मुलाने तपासणेच सोडले होते. सिस्टरांनी वडिलांना बोलावून सांगितले, की हे परीक्षेचे गुण नव्हेत. वाढलेला आकडा हा पुढे काय करायचे ते सांगणारा निरोप आहे, निरोप आणणाऱ्याला मारू नये. पुढच्या वेळी वही अस्ताव्यस्त होती, डागाळलेली होती आणि खरी होती.

आज दंडावर लावायचे सेन्सर आले आहेत, मोबाइलवर शर्करेचा आलेख दिसतो, इन्सुलिन पंपही मिळतात. ज्यांना परवडते त्यांना त्यांचा लाभ अवश्य व्हावा. पण मध्यरात्री वाजणाऱ्या सूचनेचा अर्थ काय, ती ऐकून घाबरायचे की साखरपाणी द्यायचे, हे यंत्र शिकवत नाही. उपकरणे वाढली तशी शिकवणाऱ्या माणसाची गरज कमी झालेली मला तरी दिसत नाही.

प्रौढांसाठीही हेच

माझा अनुभव मुलांपुरता असला, तरी या स्मरणिकेच्या वाचकांत मधुमेह असलेले ज्येष्ठ पुष्कळ असतील. त्यांनाही हे लागू आहे. पायाला झालेली, पण बधिरतेमुळे न जाणवलेली जखम रुग्णाची चप्पल काढून पाहण्यास परिचारिकेला दोन मिनिटे लागतात. ती पाहिली गेली नाही, तर पुढे पाय गमावण्याची वेळ येते. वृद्धांमध्ये शर्करा उतरल्याची लक्षणे वार्धक्याची विस्मृती म्हणून दुर्लक्षिली जातात. आपल्या दवाखान्यातील सिस्टरांना निःसंकोच प्रश्न विचारा, पुढच्या वेळी मोजे काढून पाय दाखवा, असे माझे ज्येष्ठांना सांगणे आहे.

आपण काय करू शकतो

माझ्या व्यवसायबंधूंसमोर काही सूचना नम्रपणे ठेवतो.

१) प्रत्येक रुग्णालयाने किमान एका परिचारिकेला मधुमेह-शिक्षणासाठी नेमावे, त्यासाठी तिला प्रशिक्षण द्यावे आणि तिचे नाव फलकावर लिहावे.

२) तिची दर काही महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डात बदली करू नये. वर्षानुवर्षे जमा झालेली समज एका बदलीच्या आदेशाने वाया जाते.

३) शिकवणे हे तिच्या कामाच्या वेळेत धरावे. चाळीस रुग्णांची कामे उरकून उरलेल्या वेळात शिकव, असे म्हणणे म्हणजे शिकवू नकोस असेच म्हणणे आहे.

४) रुग्ण घरी जाण्यापूर्वी तिचे मत लेखी घ्यावे. तिला 'अजून नाही' म्हणण्याचा अधिकार असावा आणि तो आपण मानावा.

५) आपल्या संस्थेने दरवर्षी १४ नोव्हेंबरला शहरातील परिचारिकांसाठी व मधुमेही मुलांच्या पालकांसाठी एकत्र वर्ग घ्यावा. व्यासपीठावर त्या दिवशी परिचारिका असाव्यात, आपण समोर बसावे.

यांतील चौथी सूचना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे. तिला पैसा लागत नाही. डॉक्टरला आपल्या मनाचा एक कोपरा मोकळा करावा लागतो, इतकेच.

ज्या सिस्टरांविषयी मी लिहिले त्या आता निवृत्त होऊन आपल्या गावी राहतात. त्यांनी शिकवलेल्या दोन तरुण परिचारिका आज तोच वर्ग घेतात आणि अखेरचा प्रश्न अजूनही तोच आहे. परवा एका बाळाची सुट्टी मी जवळजवळ लिहून ठेवली होती. त्यांपैकी एक जण म्हणाली, "सर, अजून नाही. आजीला जमते, पण आईचा हात थरथरतो. उद्या करू." मी कागद बाजूला ठेवला. पंचवीस वर्षांपूर्वी हेच वाक्य ऐकण्याची माझी तयारी असायला हवी होती.